बेका खोऱ्यातली दुपार

लेबनॉन आणि अँटी-लेबनॉन या दोन डोंगररांगांच्या मधोमध बेकाचे खोरे आहे. द्राक्षमळ्यांचा आणि गव्हाच्या शेतांचा हा सुपीक मुलूख. बैरुतहून दमास्कसला जाणारा हमरस्ता यातूनच जातो. 9 जून 1982 रोजी या खोऱ्यात सीरियाच्या 19 क्षेपणास्त्र-तुकड्या ठाण मांडून होत्या. बहुतेकींकडे सोव्हिएत बनावटीची सॅम-6 ही फिरती क्षेपणास्त्रे होती, उरलेल्यांकडे सॅम-2 आणि सॅम-3. दुपारी दोनच्या सुमारास इस्रायलने हल्ला चढवला आणि दिवस मावळायच्या आत त्यांतल्या 17 तुकड्या नष्ट झाल्या. त्यांच्या मदतीला झेपावलेली सीरियाची मिग विमाने एकामागून एक कोसळली. हवेतल्या झुंजीत इस्रायलचे एकही विमान पडले नाही. चाळीसहून अधिक वर्षे ही हकीकत ‘ड्रोनचा पहिला मोठा विजय’ म्हणून सांगितली जाते. माझ्या मते या सांगण्यात एक गफलत आहे. त्या दुपारी तुकड्या फोडल्या त्या वैमानिकांनी चालवलेल्या विमानांनी, त्यांच्या बॉम्बनी आणि रडारच्या लहरींचा माग काढत जाणाऱ्या क्षेपणास्त्रांनी. ड्रोनकडे काम होते ते शत्रूच्या रडारला बोलायला लावण्याचे, आणि ते बोलले की कान देऊन ऐकण्याचे. ड्रोन हे इलेक्ट्रॉनिक युद्धाच्या पोटी जन्मलेले यंत्र आहे. त्याला विमानाचे स्वस्त भावंड समजले की त्याच्या बळाचा अंदाज चुकतो, आणि त्याच्या दुबळेपणाचाही.

हे समजून घ्यायचे तर रडारच्या मूळ अडचणीपासून सुरुवात करावी लागते. रडार म्हणजे अंधारात कंदील घेऊन फिरणारा पहारेकरी. कंदिलाच्या उजेडात त्याला चोर दिसतो खरा, पण त्याच्या कितीतरी आधी चोराला कंदील दिसलेला असतो. रडारने सोडलेली लहर लक्ष्यावर आपटून परत यावी लागते, आणि परतेपर्यंत ती अगदी क्षीण होते. लक्ष्याला मात्र ती जाताना एकदाच, भरात असताना मिळते. म्हणून पाहणारा नेहमी आपली जागा उघड करतो. त्यातच प्रत्येक रडारची लहर वेगळी असते. तिची वारंवारता, तिच्या ठोक्यांमधले अंतर, शोध घेणे सोडून ती एकाच लक्ष्यावर स्थिरावते तेव्हा तिच्यात होणारा बदल, हे सगळे ज्याला पाठ आहे त्याला ती लहर निकामी करता येते. पण पाठ करण्यासाठी ती आधी ऐकायला मिळाली पाहिजे, आणि सर्वांत मोलाची लहर क्षेपणास्त्र अंगावर येत असतानाच ऐकू येते. हे ऐकायला माणूस पाठवायचा म्हणजे त्याला मरायला पाठवायचे.

व्हिएतनाममध्ये अमेरिकेने ही अडचण मानवरहित विमानाने सोडवली. जुलै 1965 मध्ये सॅम-2 ने पहिले अमेरिकी लढाऊ विमान पाडले, तेव्हा अमेरिकेला त्या क्षेपणास्त्राची एक गोष्ट ठाऊक नव्हती. लक्ष्याजवळ पोचल्यावर त्याचा स्फोट कोणत्या संकेताने होतो? हा संकेत अखेरच्या काही क्षणांतच उमटतो. मग रायन कंपनीच्या फायरबी या सराव-लक्ष्यापासून बनवलेल्या ड्रोनमध्ये ऐकण्याची आणि ऐकलेले तत्काळ दूरच्या विमानाकडे धाडण्याची यंत्रे बसवली गेली. आधीचे काही प्रयत्न फसले. 13 फेब्रुवारी 1966 रोजी एक ड्रोन उत्तर व्हिएतनामवर गेले, सॅम-2 ने त्याला गाठले आणि त्याचे तुकडे झाले. त्याआधीच त्याने क्षेपणास्त्राला दिशा देणारे संकेत, स्फोटाचा संकेत आणि शेवटी स्फोटाच्या दाबाची नोंद पाठवून दिली होती. वैमानिकांना सावध करणाऱ्या आणि क्षेपणास्त्राला चकवणाऱ्या पुढच्या उपकरणांना या माहितीचा आधार मिळाला. ड्रोनच्या इतिहासातला हा माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका प्रसंग आहे. ते यंत्र कोणावरही काही टाकायला गेले नव्हते. मरता मरता ऐकायचे, एवढ्यासाठीच ते बनवले होते.

इस्रायलला हा धडा फार महागात मिळाला. 6 ऑक्टोबर 1973 रोजी इजिप्त आणि सीरियाने एकदम हल्ला केला. सॅम-2 आणि सॅम-3 इस्रायली हवाई दलाला ओळखीची होती. सुएझ कालव्यावरच्या 1970 पर्यंतच्या झटापटीत त्यांच्याशी गाठ पडली होती. सॅम-6 नवे होते. ते रणगाड्यासारख्या साखळीच्या चाकांवर फिरे, आज इथे तर उद्या तिथे. लक्ष्य उजळवताना त्याचे रडार तुटक ठोक्यांऐवजी सलग लहर सोडी, आणि इस्रायली विमानांतल्या धोका-सूचक यंत्रांना ही लहर ऐकूच येत नसे. वैमानिकाला इशारा मिळायचा तो धुराची रेघ डोळ्यांनी दिसली तरच. तिला चुकवायला तो जमिनीलगत उतरला, की चार नळ्यांची शिल्का तोफ वाट पाहत असे. युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी, 7 ऑक्टोबरला, गोलान पठारावरच्या सीरियन क्षेपणास्त्रांवर मोठा हल्ला झाला. त्या दिवसाची मूळ आखणी होती दक्षिणेत इजिप्तवर आधी तुटून पडण्याची. गोलानवर कडेलोटाची वेळ आली म्हणून ती मोहीम अर्ध्यात सोडून विमाने उत्तरेला वळवली गेली. हातातली छायाचित्रे शिळी होती आणि क्षेपणास्त्रे तोवर जागा सोडून पुढे गेली होती. एक तुकडी फुटली, बदल्यात सहा फँटम विमाने गेली. त्या युद्धात इस्रायलने सुमारे शंभर विमाने गमावली, आणि क्षेपणास्त्राने विमानाचा पंख वाकवला असे त्यांचेच सेनानी म्हणू लागले.

पुढच्या नऊ वर्षांत जे घडले त्यात बेकाचे खरे उत्तर आहे. इस्रायलने नुसती नवी विमाने घेऊन समाधान मानले नाही. आपण शत्रूला ऐकू का शकलो नाही, हा प्रश्न धसास लावला. 1973 च्या लढाईत चुकार नावाचे छोटे सराव-ड्रोन गोलानवर सोडून सीरियन तुकड्यांना क्षेपणास्त्रे उधळायला लावण्याचा प्रयोग झालाच होता. त्या बीजाला आता खतपाणी मिळाले. टॅडिरान कंपनीने मॅस्टिफ आणि इस्रायल एअरक्राफ्ट इंडस्ट्रीजने स्काउट ही छोटी मानवरहित विमाने बनवली. मागे ढकलणारा पंखा असलेली ही यंत्रे दिसायला छंदी माणसाने अंगणात जुळवल्यासारखी. पोटात टेलिव्हिजन कॅमेरा, आणि चित्र त्याच क्षणी जमिनीवरच्या अधिकाऱ्यापुढे. आधीच्या टेहळणीत विमान परते, फिल्म धुतली जाई, तोवर फिरते क्षेपणास्त्र हललेले असे. 7 ऑक्टोबरची चूक नेमकी तीच होती. या नव्या यंत्राने वेळेची ती फट बुजवली. त्याच्या जोडीला विमानातून सोडायची सॅमसन ही फसवी विमाने आली. आकाराने लहान, पण रडारच्या पडद्यावर धडधडीत लढाऊ विमानासारखी दिसणारी. बोइंग 707 चे रूपांतर ऐकणाऱ्या आणि गोंगाट माजवणाऱ्या विमानांत झाले. दूरवर पाहणारी हॉकआय विमाने अमेरिकेकडून आली. यांतले कोणतेही एक साधन एकटे निर्णायक नव्हते, आणि हवाई दलाचे प्रमुख डेव्हिड इव्री यांच्या काळात ती सगळी एकाच आखणीत गुंफली गेली.

शत्रूनेही अभ्यासाला वेळ दिला. 28 एप्रिल 1981 रोजी झाहले शहराजवळ इस्रायलने सीरियाची दोन हेलिकॉप्टरे पाडली आणि लगेच सीरियाने सॅम-6 तुकड्या बेकामध्ये आणून बसवल्या. त्यांवर ताबडतोब हल्ला करायचे ठरले होते. खराब हवेने तो लांबला आणि मग अमेरिकी दूत फिलिप हबीब यांची मध्यस्थी सुरू झाली. तुकड्या तिथेच राहिल्या, वर्षाहून अधिक काळ. ज्या क्षेपणास्त्राचे सगळे बळ फिरण्यात, तेच मुक्काम करून बसले. त्यांच्याभोवती खंदक आणि मातीचे बांध उभे राहिले, वरून पाहणाऱ्याला तर ते खुणेसारखेच. डोंगरांवरून दूरवर नजर पोचली असती, पण बऱ्याच तुकड्या खोऱ्याच्या तळाशी होत्या. सरावासाठी आणि पहाऱ्यासाठी रडार चालू राहत, आणि वर घिरट्या घालणारी इस्रायली ड्रोन त्यांचा प्रत्येक सूर टिपून घेत. सीरियाने त्यांतली काही पाडलीही. पण पाडण्यासाठी रडार लावावे लागते, आणि रडार लावले की पुन्हा तेच, कंदील उजळला.

3 जून 1982 रोजी लंडनमध्ये इस्रायलचे राजदूत श्लोमो अर्गोव्ह यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, 6 जूनला इस्रायली सैन्य लेबनॉनमध्ये शिरले, आणि 9 जूनला पंतप्रधान मेनाहेम बेगिन यांच्या मंत्रिमंडळाने बेकावरच्या हल्ल्याला मंजुरी दिली. आधी फसवी विमाने गेली. सीरियन पडद्यांवर ती हल्ल्याची पहिली फळी वाटली. रडार पेटले, क्षेपणास्त्रे सुटली. पेटलेल्या रडारचे सूर ओळखून त्यांवर विमानांतून आणि जमिनीवरून रडारवेधी क्षेपणास्त्रे रवाना झाली. रडार गेले की तुकडी आंधळी, आणि आंधळ्या तुकडीवर विमाने निवांत बॉम्ब टाकू शकतात. मग मिग वर चढली. सोव्हिएत पद्धतीने शिकलेले सीरियन वैमानिक जमिनीवरच्या नियंत्रकाच्या सूचनांवर अवलंबून असत, शत्रू कुठे आहे, कुठे वळायचे, कधी मारा करायचा. ते सगळे बोलणे इस्रायली जॅमिंगच्या गोंगाटात बुडाले. काही दिवसांत सीरियाची ऐंशीहून अधिक विमाने गेली. या आकड्यांमागे माणसे आहेत, हे लष्करी वृत्तांत वाचताना विसरायला होते. कानात नुसती खरखर, सूचना नाही आणि मागे कोण आहे ते कळत नाही, अशा अवस्थेत ते तरुण वैमानिक लढले, आणि त्यांच्या धैर्यात उणे काही नव्हते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. बेका हा तंत्राचा विजय नव्हताच, ती सीरियाची नालायकी होती, असे नंतरच्या काही लष्करी अभ्यासकांनी मांडले. तुकड्या हलवल्या असत्या, रडार आवरले असते, खोट्या तुकड्या मांडल्या असत्या, तर इस्रायलची आखणी कोलमडली असती. हे खरे आहे, आणि याचा भक्कम पुरावा सतरा वर्षांनी सर्बियात मिळाला. 27 मार्च 1999 च्या रात्री झोल्टान दानी यांच्या तुकडीने जुनाट सॅम-3 ने अमेरिकेचे एफ-117 हे रडारला जवळजवळ न दिसणारे विमान पाडले. दानी यांचा दंडक कडक होता, रडार काही सेकंदच लावायचे, लगेच बंद करायचे आणि जागा सोडायची. सर्बियावरच्या त्या हवाई मोहिमेत नाटोने रडारवेधी क्षेपणास्त्रे शेकड्यांनी उडवली, तरी सर्बियाचे हवाई संरक्षण अखेरपर्यंत जिवंत राहिले. पण हा दाखला आक्षेपापेक्षा माझ्याच म्हणण्याला बळ देतो. दानी वाचले ते गप्प राहून. सीरियन तुकड्या मेल्या त्या बोलल्यामुळे. दोन्ही ठिकाणी निकाल लहरींच्या शिस्तीवर लागला. शिवाय शत्रूची ढिलाई आयती वापरता येत नाही; तिची नोंद घेणारा कोणी वर्षभर वर घिरट्या घालत असावा लागतो. 1973 मध्येही सीरियाचे सैन्य तेच होते, पण तेव्हा ऐकणारा तयार नव्हता.

दुसरी एक गोष्ट बेकाच्या गौरवकथांत बहुधा गाळली जाते. आकाश साफ झाले म्हणून इस्रायल बैरुतपर्यंत पोचला, आणि पुढे काय झाले ते जगाने पाहिले. वेढा, शहरावरचा भडिमार, आणि सप्टेंबरमध्ये सब्रा आणि शातिला या निर्वासितांच्या छावण्यांत इस्रायलच्या साथीदार फलांगिस्ट टोळ्यांनी केलेले हत्याकांड. दक्षिण लेबनॉनमधून इस्रायल पूर्णपणे बाहेर पडला तो 2000 साली. लहरींच्या युद्धातला एवढा निखळ विजय राजकीय हेतूच्या कामी आला नाही. तंत्राचा इतिहास लिहिताना एवढे नोंदवले नाही तर तो विक्रेत्याची जाहिरात होऊन बसतो.

जाहिरात मात्र झालीच. 4 डिसेंबर 1983 रोजी अमेरिकी नौदलाने लेबनॉनमधल्या सीरियन ठाण्यांवर हल्ला केला, दोन विमाने गमावली, एक वैमानिक मेला, एक अधिकारी कैद झाला. त्यानंतर नौदलमंत्री जॉन लेहमन यांनी इस्रायली ड्रोनमध्ये रस घेतला आणि त्या घराण्यातले पायोनियर 1986 पासून अमेरिकी युद्धनौकांवर चढले. 1991 च्या आखाती युद्धात फैलाका बेटावरच्या इराकी सैनिकांनी पायोनियर डोक्यावर घिरट्या घालू लागताच त्याच्यापुढे पांढरी निशाणे फडकवली, कारण हे यंत्र दिसले की मागोमाग नौकेचे गोळे येतात हे त्यांना कळून चुकले होते. त्याच युद्धाच्या पहिल्या रात्री बगदादच्या दिशेने चुकार ड्रोन आणि सॅमसनची अमेरिकी वंशज असलेली फसवी विमाने सोडली गेली. इराकी रडार पेटले आणि रडारवेधी क्षेपणास्त्रांनी त्यांना टिपले. बेकाची पूर्ण पुनरावृत्ती, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर. याच परंपरेतला आणखी एक माणूस अमेरिकेत काम करत होता. बगदादमध्ये जन्मलेले, इस्रायलमध्ये वाढलेले अभियंते अब्राहम करीम 1977 मध्ये अमेरिकेला गेले. त्यांच्या अँबर आणि नॅट या ड्रोनांतून पुढे प्रेडेटर उभे राहिले. प्रेडेटरच्या पंखाखाली क्षेपणास्त्र लागले आणि लोकांच्या मनात ड्रोन म्हणजे आकाशातला मारेकरी हे चित्र पक्के झाले. पण अफगाणिस्तान किंवा येमेनमध्ये त्याच्यासमोर ना रडार होते ना जॅमिंग. रिकाम्या आकाशातले ते वीस वर्षांचे राज्य हा अपवाद होता. आपण त्यालाच नियम समजलो.

2020 च्या शरदात नागोर्नो-काराबाखमध्ये हा भ्रम वेगळ्या रीतीने पसरला. चव्वेचाळीस दिवसांच्या युद्धात तुर्की बनावटीच्या बायराक्तार ड्रोनने टिपलेली आर्मेनियन रणगाडे जळतानाची चित्रे जगभर फिरली. त्या चित्रांच्या आधी काय घडले, तिकडे कमी लोकांचे लक्ष गेले. अझरबैजानने शेतीवर औषध फवारणारी 1940 च्या दशकातल्या आराखड्याची अँटोनोव्ह-2 ही दुपंखी विमाने वैमानिकाविना सीमेपार धाडली. आर्मेनियाच्या तुकड्यांनी त्यांवर मारा केला, जागा उघड झाल्या, आणि मग घिरट्या घालत लक्ष्य शोधून त्यावर झेप घेणारी इस्रायली हारोप आणि बायराक्तार ड्रोन त्यांवर उतरली. सॅमसनचे काम इथे एका जुन्या फवारणी विमानाने केले. किंमत नगण्य, युक्ती तीच.

युक्रेनचे काय, असे कोणीही विचारेल. तिथे स्वस्तातली यंत्रे स्वतःच रणगाड्यावर आदळतात. ऐकण्याचा आणि आमिषाचा हा सिद्धान्त तिथे शिळा नाही का? माझे उत्तर असे, की तिथे तो सर्वांत ताजा आहे. छोट्या ड्रोनला चालवणाऱ्याशी जोडणारा धागा रेडिओ लहरींचा आहे, आणि तो धागा तोडला की यंत्र भंगार. लंडनच्या रॉयल युनायटेड सर्व्हिसेस इन्स्टिट्यूटच्या मे 2023 च्या अहवालाने युक्रेन दरमहा सुमारे 10,000 ड्रोन गमावत असल्याचा अंदाज दिला, आणि त्यात रशियन इलेक्ट्रॉनिक युद्धाचा वाटा मोठा होता. वारंवारता बदलायची, शत्रूने ती पकडायची, पुन्हा बदलायची. आघाडीवरच्या कार्यशाळांत हा पाठशिवणीचा खेळ आठवड्यांच्या हिशेबाने चालतो. 2024 पासून दोन्ही बाजूंनी काचतंतूंची ड्रोन मोठ्या संख्येने येऊ लागली. पोटातल्या रिळावरून केसासारखा बारीक तंतू उलगडत ती दहा, वीस किलोमीटर जातात. त्यांना जॅमिंग शिवत नाही, कारण त्यांना चालवणाऱ्याशी जोडणारा धागा रेडिओ लहरींचा नसतोच. यंत्राचा वेग, बोजा आणि चपळाई गमावूनही सैनिकांनी ही दोरी पत्करली, यावरून ते कशाला सर्वांत जास्त घाबरतात ते कळते. उन्हात चकाकणाऱ्या त्या तंतूंची जाळी आता तिथल्या शेतांवर आणि झाडांवर पसरलेली दिसते.

आणि हे आपल्यापासून दूर राहिलेले नाही. मे 2025 च्या चकमकीत भारताने पाकिस्तानच्या हवाई संरक्षणाच्या रडारांवर घिरट्या घालणारी ड्रोन सोडली; लाहोरची यंत्रणा निकामी केल्याचे 8 मे रोजी सरकारने जाहीर केले. त्या रात्री पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत 36 ठिकाणी 300 ते 400 ड्रोन पाठवली. दुसऱ्या दिवशी कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग यांच्या वार्ताहर परिषदेत त्यांचा संभाव्य हेतूही सांगितला गेला, भारताच्या हवाई संरक्षण यंत्रणेची चाचपणी आणि माहिती गोळा करणे. म्हणजे बॉम्ब हे दुय्यम; रडार कुठे पेटते, कोणत्या सुरात, किती वेळात, हे मुख्य. लोकांनी ती रात्र किती ड्रोन पडली या आकड्याने मोजली. तो आकडा अभिमानाचा आहेच, पण पाठवणाऱ्याने तिचा हिशेब वेगळ्या वहीत मांडला असणार, आणि तिथे पडलेले ड्रोनही काही ना काही सांगून गेलेले असू शकते, 1966 च्या त्या फायरबीसारखे. ही ड्रोन पाडण्यासाठी सैन्याने जी साधने वापरली त्यांत एल-70 आणि झेडयू-23 तोफांबरोबर शिल्का होती, गोलानवर जमिनीलगत उतरलेल्या फँटमची वाट पाहणारी तीच शिल्का. तिला स्वतःचे रडार आहे, आणि ते बंद ठेवून नुसत्या दर्शिकेतून नेम धरण्याचीही सोय आहे. यातले काय वापरायचे, हे ठरवायला तोफेवरच्या जवानाला मोजके सेकंद मिळतात.